खिम म्हणजे वीणा

वीणाताई माझ्या वर्गात पहिल्यांदा आल्या त्या दिवशी सगळी मुलं उभी राहिली. माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात मी रविवारी सकाळी चिनी भाषेचा वर्ग घेते. येणारी मुलं आयटीतली, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागातली. तिकडच्या लोकांशी रोज ईमेलवर बोलून कंटाळलेली आणि चार वाक्यं आली तर साहेब खूश होईल अशा आशेवर असलेली. त्या दिवशी मला जरा उशीर झाला होता. मी दारात पोचले तर साठी ओलांडलेल्या एक बाई पहिल्या रांगेकडे चालल्या होत्या. रुंद, गोरा चेहरा, बारीक डोळे, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, सुती पंजाबी ड्रेस. मुलांनी त्यांनाच शिक्षिका समजून एका सुरात चिनी नमस्कार ठोकला. बाई थांबल्या. आपल्यामागे कुणी आलंय का ते वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा, बसा. मीपण शिकायलाच आलेय. धायरीहून येते, बस चुकली तर उशीर होईल. तेवढं मॅडमना सांगून ठेवा."

त्या वीणा ल्याव. जन्म पुण्यातला, शाळा पुण्यातली, भांडणं पुण्यातली. आजोबा दक्षिण चीनमधल्या कुठल्याशा डोंगराळ गावातून बोटीने आले आणि फिरत फिरत कॅम्पात स्थिरावले. वडिलांचा दातांचा दवाखाना होता. 'ल्याव' हे आडनाव ऐकून खिडकीपलीकडचा कारकून "म्हणजे काय हो?" असं विचारायचा, तेव्हा त्या शांतपणे सांगायच्या, "ल्यावं. दागिने ल्यावेत, तसं."

मूळ गावाचा प्रश्न तर त्यांना आयुष्यभर विचारला गेला होता. त्याची उत्तरं त्या इतक्या झोपाळू, लांबून आल्यासारख्या आवाजात देत की आपल्याला चिमटा बसलाय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळे. माझ्या वर्गातल्या तन्मयने पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या म्हणाल्या, कॅम्पातल्या. तो म्हणाला, नाही, म्हणजे मूळच्या. वीणाताईंनी कपातल्या चहाकडे थोडा वेळ पाहिलं.

"मूळ बघायचं तर माझ्या वडिलांकडे यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते दातांचे डॉक्टर होते."

वडिलांना त्या आप्पा म्हणत. मला वाटलं, मराठी शेजारात राहून उचललेला शब्द असणार. तसं नव्हतं. त्यांच्या घरी हाक्का नावाची चिनी बोली चालायची आणि त्या बोलीतही वडिलांना आप्पाच म्हणतात. त्यामुळे लहानपणी त्या गल्लीत 'आप्पा' अशी हाक मारायच्या तेव्हा आपण कुठल्या भाषेत ओरडतोय हे त्यांना कधी ठरवावं लागलं नाही. आई लवकर गेली. घरात आप्पा, वीणाताई आणि त्यांची थोरली बहीण. थोरल्या बहिणीला त्या बोलीत आची म्हणतात.

वीणा हे नाव त्यांना शाळेत मिळालं. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिकेने नाव विचारलं. आप्पांनी घरातलं नाव सांगितलं. बाईंना ते नीट ऐकू येईना, लिहायचं कसं तेही कळेना. अखेर त्यांनी अर्थ विचारला. आप्पांचं मराठी तेव्हा दातांपुरतंच होतं. त्यांनी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर दोन्ही हात आडवे टाकले, डोळे मिटले आणि बोटांनी हळूहळू तारा छेडल्या. बाई म्हणाल्या, "वीणा!" आणि लिहून मोकळ्या झाल्या.

"एका मिनिटात माझं भाषांतर झालं," वीणाताई सांगायच्या.

या नावामुळे पुढच्याच वर्षी त्यांना शाळेच्या गाण्याच्या गटात घालण्यात आलं. त्यांना सूर अजिबात नव्हता. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दोन दिवस सहन केलं आणि मग सांगितलं की तू नुसते ओठ हलव. शाळा संपेपर्यंत त्या दर समारंभाला पहिल्या रांगेत उभ्या राहून मनापासून ओठ हलवत होत्या, आणि पालक येऊन म्हणत, ती चिनी मुलगी काय छान गाते.

त्यांचं पार्लर कोथरूडमध्येच होतं, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. एक खुर्ची, एक लांब आरसा, खिडकीला फिकट हिरवा पडदा. दुपारी त्या पडद्यातून उजेड आला की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून, उरलेला बोटांत ताणून त्या भुवया कोरायच्या, आणि तेवढ्यात काही आठवलं की तशाच थांबायच्या, दोरा हवेत. ग्राहकाने डोळे उघडले तर हलक्या हाताने परत मिटायच्या. दोरा दातांतून काढून म्हणायच्या, "थांबा, येतंय." काय येतंय ते दर वेळी कळायचंच असं नाही. एकदा मुंजीला निघालेल्या एका काकूंची एक भुवई करून झाली आणि वीणाताईंना खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. त्या पडदा बाजूला करून बघत राहिल्या. काकूही घाईत होत्या, उठून गेल्या. तासाभराने फोन आला. वीणाताई रिक्षा करून कार्यालयात गेल्या आणि जेवणाच्या पंगतीशेजारी उभं राहून दुसरी भुवई करून आल्या. काय दिसलं होतं खिडकीबाहेर, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. "ऊन," त्या म्हणाल्या.

वर्गात पहिल्या काही आठवड्यांत मी प्रत्येकाला एकेक शब्द मागायला सांगते. मुलं पगार मागतात, सुट्टी मागतात, तन्मयने बिर्याणी मागितली होती. वीणाताईंनी त्यांच्या नावाचं अक्षर मागितलं. चेहऱ्यावरून वाटत नसलं तरी त्यांना एकही चिनी अक्षर वाचता येत नव्हतं. आप्पांनी शिकवायला घेतलं होतं, पण दवाखान्यापुढे वेळ मिळाला नाही. पुढे आचीने दवाखान्याच्या फरशीवर ओल्या बोटाने काढून दाखवलं होतं, पण ते वाळून गेलं.

मी फळ्यावर लिहिलं: 琴.

हे एका जुन्या चिनी वाद्याचं नाव. लांब, चपटं, टेबलावर आडवं ठेवून वाजवायचं. तारा रेशमाच्या. आवाज इतका हळू की वाजवणाऱ्याला आणि शेजारी बसलेल्याला ऐकू आला तरी खूप. मुलांना अक्षराचा इतिहास सांगितला की ते लक्षात राहतं, म्हणून मी आधी त्याचं फार जुनं रूप काढलं. ते चित्रच होतं. वरून पाहिलेलं वाद्य: आडव्या ओढलेल्या तारा, त्या ताणणाऱ्या खुंट्या, आणि खाली लाकडाच्या पोटाचा बाक. मग लिहिणारे वाढले, घाई वाढली, कुंचला आला. वाकड्या रेघा सरळ झाल्या. तारा आणि खुंट्या यांची मोडतोड होऊन वर शेजारी शेजारी दोन सारखी अक्षरं बसली. खरी ती रत्नाच्या अक्षरासारखी, पण दिसतात राजाच्या अक्षरासारखी, म्हणून मुलं त्यांना दोन राजे म्हणतात. त्यांचा रत्नाशीही संबंध नाही आणि राजाशीही नाही. ते तारांचे अवशेष आहेत. आणि खालचा तो लाकडी बाक गेला आणि त्या जागी दुसरंच एक अक्षर येऊन बसलं: 今. त्याचा स्वतःचा अर्थ 'आत्ता'. वाद्याशी त्याचंही काही नातं नाही. अख्ख्या अक्षराचा उच्चार कसा करायचा हे कळावं एवढ्यासाठीच ते तिथे ठेवलंय.

वीणाताई बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे वाद्य दिसेनासं झालं," त्या म्हणाल्या, "म्हणून ऐकू येण्याची सोय केली."

इतकी वर्षं मी हे शिकवतेय, पण असं मला सुचलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि पुढे सांगितलं की आता हे अक्षर सगळ्याच वाद्यांच्या कामाला येतं. त्याच्या आधी पोलाद लिहिलं की पियानो, वारा लिहिला की आपली पायपेटी, तोंड लिहिलं की माउथऑर्गन. मग उच्चार सांगितला. छिन. आवाज खालून वर न्यायचा, प्रश्न विचारल्यासारखा. मुलांनी म्हटलं, छिन. वीणाताई गप्प.

"तुम्ही म्हणा ना," मी म्हटलं.

"हे माझं नाव नाही," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर माणूस बोलतो तसा होता. "आमच्या घरी खिम म्हणायचे. आप्पांचा उच्चार गावठी असेल. आची पण खिमच म्हणते."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. पुस्तकांत मी वाचलं होतं की या शब्दाच्या शेवटी पूर्वी 'म' होता, बोलताना ओठ मिटायचे. उत्तरेच्या बोलीत तो 'म' झिजून 'न' झाला आणि आज शाळा-कॉलेजांत तोच शिकवला जातो. दक्षिणेच्या काही बोलींत मात्र ओठ अजून मिटतात. खालच्या त्या 'आत्ता'चाही उच्चार तेव्हा 'म'वरच संपायचा, म्हणून तर लिहिणाऱ्यांनी त्याला तिथे बसवलं. हे सगळं मला माहीत होतं, पण ते कुणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी वीणाताईंना म्हटलं की मी शिकवते त्याच्यापेक्षा तुमच्या आप्पांचा उच्चार कितीतरी जुना आहे.

"म्हणजे आप्पा चुकत नव्हते."

"नाही."

त्या खिडकीकडे वळल्या आणि स्वतःशी म्हणाल्या, "खिम." शब्द संपल्यावरही त्यांनी ओठ मिटलेलेच ठेवले. मुलं एरवी एवढ्या वेळात मोबाइल काढतात. त्या दिवशी कुणी काढला नाही.

त्या वर्गात का येत होत्या हे मला आधी माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर नाव नोंदवताना मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की इथे शिकाल ती भाषा तुमच्या घरची नव्हे, दोन्हींत खूप अंतर आहे. त्यावर त्या "जवळपास तर जाईन" एवढंच म्हणाल्या होत्या. खरं कारण मला पार्लरच्या खुर्चीत कळलं. माझे डोळे मिटलेले होते आणि दोरा थांबला होता. वीणाताई माझ्या डोक्यामागे उभ्या राहून बोलत होत्या.

आप्पा गेल्यावर आची नवरा आणि मुलाला घेऊन कॅनडाला गेली. तिने वीणाताईंना सोबत चल म्हटलं होतं. त्या पुढच्या वर्षी येते म्हणाल्या, आणि मग दर वर्षी पुढच्या वर्षीच म्हणत राहिल्या. लग्न केलं नाही. पार्लर होतं, धायरीचं छोटं घर होतं, रविवारी बहिणीचा फोन असायचा. फोनवर दोघी मराठीतच बोलायच्या, मधेच हाक्का. गेल्या दोन-तीन वर्षांत आचीला विसर पडत गेला. आधी इंग्रजी गेलं. मग मराठी गेलं. शेवटी उरली ती लहानपणची बोली, आणि तीही थोडीच. मुलाला ती येत नाही, वीणाताईंना स्वयंपाकघरापुरती येते. व्हिडिओवर आची समोर बसते आणि यांच्याकडे कुणीतरी परकी बाई असल्यासारखं सभ्यपणे बघत राहते.

"मला खिम म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय," वीणाताई म्हणाल्या. "आणि ते मला ओळखत नाही."

मी डोळे उघडले नाहीत. काही वेळाने दोरा पुन्हा चालू झाला.

पुढच्या एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, आप्पांच्या दगडावर काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का? कॅम्पाच्या पलीकडे एका दफनभूमीच्या कोपऱ्यात चिनी कुटुंबांच्या थोड्याशा कबरी आहेत. वर गुलमोहर, खाली सुकलेला पाला. वीणाताई वर्षानुवर्षं तिथे फुलं ठेवत होत्या, पण दगडावर काय आहे हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. सगळंच चांगलं असेल असं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वाचून दाखवलं. मधे आप्पांचं नाव, वर गावाचं नाव. डावीकडे, खाली, बारीक अक्षरांत दोन मुलींची नावं. दुसरं नाव बघून मला हसू आलं, आणि लगेच मी वाकून ते पुन्हा पाहिलं.

दगड आचीने घडवून घेतला होता. तिने कागदावर लिहून दिलं आणि वारज्याकडच्या एका पाथरवटाने ते कोरलं. त्याला चिनी येण्याचं कारणच नव्हतं. बाकीची अक्षरं त्याने जमवली होती, पण वीणाताईंच्या अक्षरात तो अडकला असावा. दोन राजे त्याने वेगळे काढलेच नव्हते. त्यांच्या आडव्या रेघा एकमेकींत मिळवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग नेल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला छिन्नी टेकवल्याचा एक छोटा खड्डा होता. आडव्या तारा आणि खुंट्या. मी फळ्यावर काढलेलं ते फार जुनं चित्र जवळजवळ तसंच पुण्यातल्या काळ्या दगडावर उतरलं होतं.

मी वीणाताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली बसल्या आणि एकेका तारेवरून बोट फिरवलं.

"त्याला वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या, "म्हणून त्याने नीट बघितलं."

वाऱ्याने पाला इकडून तिकडे जात होता. परतताना त्यांनी विचारलं, एखादा माणूस भाषा विसरला तर अक्षर विसरतो का? त्यानंतर महिनाभर त्या वर्गात दुसरं काहीच शिकल्या नाहीत. मुलं बाजारातली वाक्यं पाठ करत होती आणि वीणाताई कोपऱ्यात बसून ते एकच अक्षर काढत होत्या, कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे चुकू न देता.

मग एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला पार्लरमध्ये बोलावलं. तिकडे सकाळ होती. फोनवर त्यांचा भाचा केविन दिसला, आणि त्याच्या मागे पलंगावर उशांना टेकून बसलेली एक बारीक, नीटनेटकी म्हातारी. वीणाताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि आरशाकडे धरायला सांगितलं. भुवयांची काळी पेन्सिल घेतली आणि त्या लांब आरशावर लिहायला सुरुवात केली. सावकाश. एक राजा. दुसरा राजा. मग खालच्या 'आत्ता'चं छप्पर.

फोनच्या पडद्यावर आधी काहीच हललं नाही. मग आचीचं बोट चादरीवर फिरू लागलेलं दिसलं. ती वीणाताईंच्या अर्धी रेघ पुढे होती. वीणाताई शेवटच्या रेघेशी पोचण्याआधी तिचं लिहून झालं होतं. तिने वर पाहिलं, ओठ उघडले, आणि मिटले.

"खिम," ती म्हणाली.

केविन इंग्रजीत काहीतरी बोलला, ती आठवडाभर बोललेली नव्हती असं काहीतरी. आचीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती आरशासमोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघत होती. तिने तिच्या बोलीत एक छोटा प्रश्न विचारला. वीणाताईंनी एका शब्दात उत्तर दिलं. आचीने मान हलवली, समाधान झाल्यासारखी, आणि उशीवर डोकं टेकलं.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"खिम जेवली का, असं विचारत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जेवली म्हटलं." पेन्सिल अजून त्यांच्या हातात होती. "ओळखलं नाही हो. पण चौकशी केली माझी."

आरशावरचं अक्षर त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी भुवया करायला आलेल्या बायकांना आपला चेहरा त्याच्या आजूबाजूने बघावा लागला.

वर्ग त्यांनी तिथेच सोडला. मला एवढंच हवं होतं, असं सांगून गेल्या. तन्मयला दुसऱ्या रविवारी रिकाम्या खुर्चीकडे बघून चैन पडेना; आपल्या वर्गातली एकमेव खरी चिनी बाई गेली, असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच ओशाळला. पुढच्या वर्षी वीणाताई पार्लर बंद करून कॅनडाला गेल्या. निघताना भेट झाली नाही. व्हिसाचं अचानक झालं, असं केविनने नंतर कळवलं. आची अजून आहे, दोघी एकाच खोलीत असतात, एवढं मला माहीत आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या थोडे दिवस आधी. रविवारची संध्याकाळ होती, मी भाजी घेऊन घरी चालले होते. पार्लरचं शटर अर्धं खाली होतं, आत दिवा होता. हाक मारावी म्हणून वाकले तर वीणाताई ग्राहकांच्या खुर्चीत बसलेल्या दिसल्या. फोन आरशाला टेकवलेला होता. त्या बोलत होत्या, अर्धं हाक्कात, अडलं की मराठीत, मधे एखादा माझ्या वर्गातला शब्द. खिमचे गुडघे दुखतात, असं सांगत होत्या. खिमने आज बाजारातून सुरमई आणली. खिमच्या घरासमोर मोठी इमारत होतेय, आता टेकडी दिसत नाही. सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं, तपशिलाने, मायेने. पलीकडून अधूनमधून एखादा शब्द येई आणि त्या उत्तर देत.

मग पलीकडून काहीतरी लांबसं विचारलं गेलं. मला त्यातलं 'खिम' कळलं, आणि माझ्या वर्गातल्या 'बघणे'सारखा एक शब्द. वीणाताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, कपाळावरचे केस दोन्ही हातांनी मागे धरले, आणि पुढे वाकून चेहरा फोनच्या अगदी जवळ नेला. तसाच धरून ठेवला.